चौऱ्याण्णव जणींची चाचणी

अकरा वर्षं मी या संशोधन केंद्रात मदतनीस आहे. माणसं आली की त्यांना खोलीत बसवायचं, कागद द्यायचा, घड्याळ लावायचं, कागद परत घ्यायचा. डोकं चालवायला प्राध्यापक आहेत. माझ्या वाट्याला नुसती पायपीट.

या खेपेची चाचणी आकृत्यांची होती. कागदावरची आकृती मनातल्या मनात फिरवून तिची जोडी ओळखायची, वीस मिनिटांत. क्रेन चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेनं ती करून मागितली होती. मुलींची तुकडी सुरू करायची की नाही, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं; अर्ज मात्र संस्थेनं आधीपासूनच मागवायला घेतले होते. त्याच तुकडीत जायचं माझ्या भाचीनं मनात घेतलेलं. ताई गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. चाचणीला बायका कमी पडल्या तेव्हा मी तिलाही आणून बसवलं होतं.

बायका मागे पडल्या. चांगल्याच.

"निसर्गच तसा आहे, बाई," प्राध्यापक म्हणाले. "सोमवारी अहवाल धाडू."

अहवालाआधी एक कंटाळवाणं काम उरतं. खोलीतली सगळी रेकॉर्डिंगं ऐकून सूचना सर्वांना सारख्याच दिल्या का, ते तपासायचं. दोन दिवस मी माझाच आवाज ऐकत बसले. पुरुषांना मी म्हणत होते, "वीस मिनिटं आहेत. करा सुरू." आणि बायकांना? "घाबरू नका हं. जमेल तेवढं करा. आपल्याला हे जरा जडच जातं." चौऱ्याण्णव जणींना, चौऱ्याण्णव वेळा. छापील सूचनेत यातलं अक्षरही नव्हतं. मायेनं बोलत होते मी, आणि मायेनंच त्यांचे पाय ओढत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

प्राध्यापकांना सांगितलं तर ते हसले. "एवढ्याशा बोलण्यानं काय फरक पडतो?"

"किती पडतो, ते बघू या की."

"चूक तुमच्या नावावर लिहावी लागेल."

"लिहा. तेवढ्या निमित्तानं तरी माझं नाव अहवालात येईल."

नव्या तीस बायका बोलावल्या. सूचना आमच्या शिपायानं वाचली, छापली होती तेवढीच, चेहऱ्यावरची माशीही न हलवता. अंतर निम्म्याहून कमी झालं. सगळं गेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण प्राध्यापकांनी जुना अहवाल थांबवून नवा पाठवला. तीन आठवड्यांनी संस्थेचं उत्तर आलं, मुलींची तुकडी होणार.

त्या संध्याकाळी मी जिना भराभर चढले. भाची कपड्यांना इस्त्री करत होती.

"तुकडी होणार गं! आता तुझ्या अर्जाचं तेवढं बघ."

तिनं इस्त्री बाजूला उभी केली. "मावशी, मी अर्ज भरलाच नाही."

"अगं, का?"

"तूच म्हणालीस ना त्या दिवशी, आपल्याला जड जातं म्हणून. मला वाटलं, तू इतकी वर्षं माणसं बघतेस, तुला ठाऊक असणार."

मी म्हणाले, "मग आज भर. आत्ता भर."

"मुदत कालच संपली," ती म्हणाली, आणि मला बसायला खुर्ची पुढे सरकवली.