वाकलेलं बुजगावणं

कलावंतानं जगाला पाठ दाखवली तरच त्याच्या हातून काही थोर घडतं, असं आमच्या गावचा न्हावी सांगतो. सांगताना त्याचा वस्तरा ऐकणाऱ्याच्या गळ्यावर असतो, त्यामुळं या विचाराला गावात अजून विरोध झालेला नाही. पण धाकटीच्या बुजगावण्यानं खरोखरच जगाला पाठ दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी बोंबलत आला तो हाच न्हावी.

धाकटी म्हणजे आमच्या शेजाऱ्याची धाकटी सून. रस्त्याकडेचा तुकडा तिनं सासऱ्याशी भांडून कसायला घेतला होता. म्हातारा म्हणाला होता, "पीक घरात आलं तर तुकडा तुझा. पाखरांनी नेलं तर मुकाट चुलीपुढं बसायचं, पुन्हा शेताचं नाव काढायचं नाही."

कणसं दुधात आली, तशी पाखरंही आली.

आमच्याकडं बुजगावणं म्हणजे हात पसरून ताठ उभं. आजा तसंच करायचा, बाप तसंच करायचा, आणि पाखरांच्याही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या खांद्यावर बसून चोची पुसत आल्या. धाकटीनं काठी कमरेत मोडून बांधली. एक हात गुडघ्यावर, दुसरा मातीला टेकलेला. दगड उचलायला वाकलेला माणूस, हुबेहूब. पाखरं ओढ्याकाठच्या झाडावर, म्हणून तोंड ओढ्याकडं. मग रस्त्याकडं काय आलं, ते सांगायला नको.

"वहिनी, हे काय मांडलंय?" न्हाव्यानं बांधावरून विचारलं.

"दगड उचलतंय."

"कशाला?"

"मारायला. हात पसरून उभ्या माणसाला तुम्ही तरी भ्याल का, भावजी? वाकला की मग पळाल."

"ते खरं. पण थोरले पंच रोज इथून जातात. त्यांना सकाळी सकाळी दर्शन कशाचं?"

"पंच कणसं खातात का?"

न्हावी बांधावरून उतरला तो हे गावभर सांगतच सुटला. संध्याकाळी नवरा तोंड पाडून घरी आला.

"दाढीला बसलो होतो, सगळे हसायला लागले. अर्धीच झालेली, उठूनही येता येईना."

"मग, झाली ना पुरी?"

"दाढीचा विषय नाही. चार लोकांना विचारून करावं माणसानं."

भीती धाकटीलाही होतीच. तुकडा जायचा, तो आपल्याच हट्टापायी गेला असं नको व्हायला. तिनं चार लोकांना विचारलं. आमच्या गावात चार लोक म्हणजे अख्खा गाव. पंच म्हणाले, ताठ कर आणि रस्त्याकडं वळव. न्हाव्यानं स्वतःच्या हातानं मिशी लावली. थोरली जाऊ म्हणाली, अंगावर धड कापड घाल, घराची अब्रू आहे. नवऱ्यानं कोळशानं हसरं तोंड काढलं, कारण तेवढंच लोकांना बरं वाटतं.

सगळ्यांना आवडलं. पंचांनी जाताजाता त्याला मान डोलावून ओळखही दिली आणि आपल्या शेतातही हुबेहूब तसंच उभं करून घेतलं. पाखरांना तर फारच आवडलं. दुपारपर्यंत दोन्ही हातांवर बसायला जागा उरली नाही आणि ओढ्याकडची कड पार भुसा झाली.

म्हाताऱ्यानं एक कणीस चोळलं, तळहातावर फुंकर मारली. काहीच उरलं नाही. "चुलीला लाकडं फोडून ठेवतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

धाकटीनं मिशी उपटली, तोंड पुसलं, बुजगावण्याच्या कमरेत लाथ घातली आणि ते पुन्हा ओढ्याकडं वळवून बांधलं.

"अगं, लोक काय म्हणतील?" नवरा कळवळला.

"पाठ आहे म्हणतील. आहेच की."

सकाळी झाडावरनं थवा उठला, तुकड्यावर आला, वाकलेला माणूस बघितला आणि वरच्यावर वळून पंचांच्या शेतात उतरला. तिथं हसतमुखानं स्वागत होतं.

लोक हसत राहिले. धाकटी रोज येऊन त्याचं कोपर थोडं इकडं, मान थोडी तिकडं करत राहिली, आणि हसणारे थकले. मग हळूहळू एकेक शेत वाकलं. आमचा गाव असा, की ज्यांची पाखरं रस्त्याकडनं येत होती त्यांनीही पाठ रस्त्याकडंच केली. का, तर धाकटीची तशी आहे. पंचांना दोन्ही बाजूंनी ओळीनं ढुंगणं बघत जावं लागे. गावात नम्रता वाढली, असं ते म्हणत.

तुकड्यातला दाणा भरला. म्हाताऱ्यानं पुन्हा कणीस चोळलं, मूठभर दाणे तोंडात टाकले आणि चावत चावत म्हणाला, "तुकडा धाकटीचा." तेवढ्यात पंच, न्हावी आणि अर्धा गाव सत्काराला म्हणून थेट शेतात घुसला. न्हाव्यानं घसा खाकरला.

"मंडळी, अस्सल कला ओळखायला नजर लागते. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, की वहिनी, यात काहीतरी आहे. पण कलावंताला कौतुकाची गरज असते, आणि ते करणं हे गावाचं..."

धाकटी बुजगावण्याची सुतळी आवळत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "भावजी, बरंच राहिलंय का अजून?"

"आत्ता तर कुठं सुरुवात."

"बोला की, खुशाल बोला. फक्त सगळ्यांना घेऊन जरा रस्त्याकडं सरका. तुम्ही आड आलात, पाखरांना ते दिसेना झालंय."