दुसरा तुकडा

त्या दिवशी बाबा दुपारभर एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. दुकान बंद करून वर्ष होत आलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येऊन गळ घालायची आणि बाबांना नाही म्हणणं कधी जमलं नाही. दोन्ही मनगटांना पट्ट्या, बोटं तेवढी मोकळी. मी कामावरून आले तेव्हा ते सुई खिडकीकडे धरून दोरा ओवत होते.

"या, दुर्बीणबाई," ते म्हणाले. "डोळे उसने द्या जरा."

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कातडीच्या तुकड्यांचे पातळ काप करून काचपट्टीवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावायचे, हे माझं काम. नोकरी लागल्यापासून घरात माझं नाव दुर्बीण.

सुई ओवून दिली आणि रोजच्यासारखी त्यांच्या पाठीला मलम लावायला बसले. फोड बरेच सुकले होते. ऐन भरात होते तेव्हा द्राक्षाएवढे, ताठ, पाण्यानं टरारलेले असत.

"मला एक सांग," बाबा पालथे पडल्या पडल्या म्हणाले. "भाजलं नाही, चटका नाही. मग फोड येतोच कुठून?"

हे माझं तीनदा सांगून झालं होतं. त्यांना ते पुन्हा ऐकायला आवडायचं.

"कातडीचे दोन थर. वरचं कापड, खालचं अस्तर, मध्ये टाके. रक्तातल्या काही पेशींचं काम असतं बाहेरून आलेल्या जंतूंवर खूण करायचं. तुमच्या पेशींनी या टाक्यांवरच खूण केली. ती बघून दुसऱ्या पेशी धावत आल्या आणि त्यांनी टाके विरघळवले. थर सुटले, मध्ये पाणी भरलं."

"म्हणजे खूण करणारा वेगळा, उसवणारा वेगळा."

"हो."

"मग उसवणाऱ्याला बोल का लावायचा? त्याला खडूची रेघ दिसली, त्यानं कात्री चालवली. आणि तुझं औषध काय करतं?"

"दोघांनाही झोपवतं."

"आणि मग खरा चोर आला तर?"

"म्हणून तर म्हणते, लोकांत मिसळू नका."

"सांग, सांग," आई आतून म्हणाली. "काल त्या कोटवाल्याचा नातू मांडीवर घेऊन बसले होते. सारखा शिंकत होता कार्टा."

"बटणं मोजत होता गं बिचारा. सतरापर्यंत येतं त्याला."

मी हसले. मग बाबा उठून बसले आणि मांडीवर तपासणीसाठी कापलं होतं तिथे त्यांनी बोट ठेवलं. तिथे तीन छोटे व्रण होते, दोन शेजारी शेजारी, तिसरा नंतरचा.

"आणि हे दोनदा का कापलं? ते काही तू नीट सांगितलं नाहीस."

"पहिला तुकडा अपुरा पडला."

"अपुरा! शिंपी कापड कमी पडलं म्हणाला ना, की समजायचं, बेतताना चुकलाय."

"त्या डॉक्टरीणबाईंचाच घोळ," आई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला उगाच दोनदा कापलं."

मी मलमाचं झाकण लावलं.

घोळ डॉक्टरीणबाईंचा नव्हता. अशा आजारात कातडीचे दोन तुकडे घेतात. एक फॉर्मालिनमध्ये जातो, म्हणजे कुजत नाही. दुसरा वेगळ्या द्रावणात ठेवावा लागतो, कारण त्याच्यावरच्या खुणा चमकणाऱ्या रंगानं शोधायच्या असतात, आणि फॉर्मालिन लागलं की त्या हाती लागत नाहीत. बाबांचे तुकडे घेतले तेव्हा मी हट्टानं आत उभी होते. बाटल्या मीच आणल्या होत्या. बाबा डॉक्टरीणबाईंना सांगत होते, "नीट कापा हो, आडवा धागा बघून." मी हसत हसत दोन्ही तुकडे फॉर्मालिनच्या बाटल्यांत टाकले. प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी येऊन दुसरं झाकण उघडलं तेव्हा फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेला.

नोंदवहीत मी लिहिलं : नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा. अक्षर नेहमीसारखं आलं.

पुढची वेळ अठरा दिवसांनी मिळाली. तोवर नुसत्या खाजेच्या गोळ्या चालल्या. छातीवरचे फोड पाठीवर गेले, पाठीवरचे हातांवर. पुढे औषधाचा डोस मोठा द्यावा लागला. ते अठरा दिवस नसते तर तो लहान पुरला असता का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारू शकत होते. विचारलं नाही.

दुकानात बाबांकडून काही बिघडलं, तर ते कपडा इस्त्री न करताच फळीवर ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की आधी चूक दाखवायची, नवं कापड देईन म्हणायचं, मग पुढचं बोलणं. शाळेतून आले की मी कोपऱ्यात वाचत बसायचे आणि हे ऐकायचे. पुस्तकं मी पुढेही खूप वाचली. हे मात्र तिथेच राहिलं.

बाबांनी व्रणांबद्दल विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ताप आला. छातीत संसर्ग पसरला. सहाव्या दिवशी ते गेले. कोट टेबलावर तसाच, अस्तर अर्धं उसवलेलं.

डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तेव्हा आईनं त्यांना बसा म्हटलं नाही. दारातच दोन शब्द बोलून त्या परत गेल्या. मी पाण्याचा पेला हातात घेऊन आतल्या खोलीत उभी होते.

दोन महिन्यांनी आई म्हणाली, "मला ते बघायचंय. त्यांना जे होतं ते."

मी तिला सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं. शीतपेटीतून बाबांच्या दुसऱ्या खेपेच्या तुकड्याची काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली लावली, खोलीतला दिवा मालवला आणि तिला स्टुलावर बसवलं. तिनं चष्मा वर सरकवून डोळा लावला.

"अगं बाई," ती म्हणाली. "हिरवी रेघ आहे. सरळ. त्यांनीच आखल्यासारखी."

"तीच खूण."

"एवढीशी? आणि माणूस नेला हिनं." बराच वेळ ती बघत राहिली. "फिकी व्हायला लागली की काय?"

"बघत राहिलं की विझते ती. दिव्यानं."

"मग आधी सांगायचंस ना!" तिनं घाईनं डोळा बाजूला घेतला. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "पहिल्यांदाच नीट घेतलं असतं त्या बाईनं, तर..."

"आई," मी म्हणाले, "त्यांनी नीटच घेतलं होतं. पहिला तुकडा मी खराब केला. चुकीच्या बाटलीत मी टाकला, आणि अपुरा आहे असं खोटं लिहिलं. बाबांनी मला विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."