दहा तासांचा शब्द

जिन्याच्या वळणावर, चपलांच्या कपाटाशेजारी गोणपाटावर ठेवलेली ती काळी, जड पेटी दिसतेय ना? तीच मी. बॅटरी बोलतेय. भंगारवाला दुपारी येणार आहे. त्याआधी सगळं सांगून मोकळी होते. जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच पाहिलंय, आणि मला कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातळ पडदे, वर आम्ल. झाकण बसवणाऱ्या बाईनं माझ्यावर एक थाप मारली आणि पुढच्या बॅटरीकडे वळली. आईची माया म्हणून माझ्या वाट्याला आलं ते तेवढंच.

इलेक्ट्रिशियननं मला दुकानातून आणलं आणि दोन जिने चढवलं. वर पोचल्यावर तो भिंतीला टेकून म्हणाला, "हिला उचललं की माणसाला आपलं खरं वय कळतं."

ज्या घरी मी आले तिथे दिवाणखान्यात समुद्र होता. खोटं नाही सांगत. सहा फुटांची काचेची टाकी, सातशे लिटर खारं पाणी, त्यात खडक, आणि खडकांवर जांभळे, हिरवे, गुलाबी प्रवाळ. घरमालक दातांच्या कवळ्या बनवायचे. गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे आणि घरी आले की हात धुऊन टाकीसमोर खुर्ची ओढायची. सोळा वर्षं त्यांनी हा समुद्र वाढवला होता. त्यातला एक निळा, चपटा मासा अकरा वर्षांचा होता. पंख मागे टाकून, वर्गात फेरी मारावी तसा फिरायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर.

त्यांची बायको शाळेच्या ऑफिसात टंकलेखन करून निवृत्त झालेली. शाळेत सगळे बाई म्हणत, म्हणून घरी येणारेही बाईच म्हणत. मीही तेच म्हणते. बाईंना टाकीचं कौतुक बेताचंच. "माशांना लाटा, माशांना चंद्रप्रकाश, आणि माझ्या स्वयंपाकघरातला पंखा दोन वर्षं कुरकुरतोय," असं त्या म्हणायच्या. दातवाले हसायचे. पंखा कुरकुरतच राहायचा.

मला टाकीखालच्या कपाटात बसवलं. माझ्या डोक्यावर इन्व्हर्टर, शेजारी प्लग लावायची पट्टी. इलेक्ट्रिशियननं तिच्यावर लाटा करणारे दोन पंप लावले आणि म्हणाला, "वीज गेली तर फक्त हे दोन चालतील. पाणी हलतं राहिलं की मासे जगतात. एवढ्या भारावर ही दहा तास काढेल, शब्द देतो. पण साहेब, हिच्यावर दुसरं काही लटकवू नका."

शब्द त्यानं दिला, पण पाळायचा मला होता. मी तो मनावर घेतला.

पहिली तीन वर्षं सुखाची गेली. वीज कधी पंधरा मिनिटं जायची, कधी अर्धा तास. पंप थांबायचे नाहीत, म्हणून मी काही केलंय हेही कुणाच्या लक्षात यायचं नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पाहुणे आले की दातवाले टाकीचं सगळं शास्त्र समजावून सांगायचे. कुठला प्रवाळ काय खातो, पाणी किती गरम हवं, वीज गेली तर पाणी कसं हलतं ठेवायचं. बाई आतून चहा आणायच्या, कप ठेवायच्या आणि परत जायच्या. त्यांना म्हणून दातवाल्यांनी कधी काही समजावलं नाही.

मग टाकीत सुधारणा सुरू झाल्या. नवे दिवे आले. पाणी वर चढवणारा मोठा पंप आला. फेस काढणारं यंत्र आलं. इलेक्ट्रिशियन प्रत्येक वेळी सांगायचा, "साहेब, वरचं सगळं वाढवताय, खालचंही वाढवा. बॅटरी म्हातारी झालीय. एक नवी घेऊ." दातवाले म्हणायचे, "घेऊ की. पुढच्या महिन्यात."

एका थंडीत टाकीच्या हीटरचा भिंतीतला सॉकेट सैल झाला. सकाळी त्यातून ठिणगी उडाली. दातवाल्यांना कामाला उशीर होत होता. त्यांनी हीटरचा जाड प्लग उपसला आणि माझ्या पट्टीवर खोचला. माणूस टापटिपीचा. कागदाची चिकटपट्टी काढून प्लगवर लावली आणि निळ्या शाईत लिहिलं, 'हीटर, तात्पुरता'. इलेक्ट्रिशियन आला की सॉकेट बदलून घेऊ, असं स्वतःशीच म्हणाले आणि गेले.

सॉकेट बदलायचा राहून गेला. हीटर म्हणजे माझ्यासाठी दोन पंपांच्या पाचपट ओझं. वीज पाच-दहा मिनिटंच जायची, तोवर मी ते निभावलं. पण आतून मला माहीत होतं, आता दहा तासांचं काही खरं नाही. सांगणार कुणाला? आमच्यात बोलायचं काम इन्व्हर्टरचं, आणि त्याला शेवटच्या घटकेला शिट्टी मारण्यापलीकडे काही येत नाही.

त्या वर्षी दातवाले दोन दिवसांच्या शिबिराला परगावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खालच्या रस्त्यावर पाण्याची पाइप टाकायला खणणाऱ्या यंत्रानं विजेची केबल तोडली. बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, वीज गेलीय. संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणतात."

"अगं, मग काय झालं? बॅटरी दहा तास चालते. तू काही हात लावू नकोस. मी आत चाललोय, फोन बंद ठेवायला सांगतात."

मी जीव एकवटून धरला होता. पण पाणी गार होत होतं तसा हीटर माझ्यातून ओढत होता, नळ उघडा टाकावा तसा. पावणेदोन तासांत मी रिकामी झाले. इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि लाटा थांबल्या.

बाई धावत आल्या. कपाट उघडलं, वायरींचं जंजाळ बघून हबकल्या. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. नवऱ्याचा फोन चार वेळा लावला, बंद. इलेक्ट्रिशियनचाही लागेना. थोड्या वेळानं मास्तर वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागला. त्याच्या मागून बाकीचेही आले.

बाईंनी स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा जग आणला, स्टूल ओढलं आणि त्यावर चढल्या. जग बुडवायचा, हात डोक्याच्या वर न्यायचा, उंचावरून पाणी टाकीत सोडायचं. पाणी हलतं ठेवायचं. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलेलं सगळं त्यांनी आतून ऐकलं होतं.

त्यांचा उजवा खांदा आधीच आखडलेला होता. डॉक्टरांनी हात वर न्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. तासाभरानं त्यांनी हात बदलला. डावा दमला की पुन्हा उजवा. दारावरची बेल दोनदा वाजली, त्या उतरल्या नाहीत. जेवल्या नाहीत. "घ्या मास्तर, श्वास घ्या," असं मधूनमधून बोलत होत्या. "ते येईपर्यंत तरी घ्या हो." पाणी काचेवरून ओघळून माझ्या कपाटात आणि सगळ्या फरशीवर पसरलं. त्यांची साडी मिठानं ताठ झाली. मी त्यांच्या पायांशी रिकामी बसले होते. याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

सव्वासहाला वीज आली. पंप सुरू झाले तरी बाई ओततच होत्या. थोड्या वेळानं त्यांना लाटांचा आवाज ऐकू आला, तेव्हा त्या स्टुलावरच खाली बसल्या आणि जग मांडीवर धरून रडल्या.

एवढं करूनही पुष्कळसं गेलं. मास्तर सकाळी तळाशी आडवा पडलेला होता. प्रवाळांचे रंग उतरले, अंगावरचे पापुद्रे सुटले, पाणी दुधाळ झालं. दोन लहान नारिंगी मासे तेवढे वाचले.

दातवाले दुपारी पोचले. बॅग खांद्यावरच होती. टाकीसमोर उभे राहिले ते किती वेळ उभेच. मग त्यांनी मास्तरला बाहेर काढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि एखाद्या मुलाला दुपट्यात घ्यावं तसं घडी घालून गुंडाळायला लागले. घडी नीट बसेना. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

बाई गुडघ्यांवर बसून फरशीवरचं मीठ पुसत होत्या. पुसत पुसत कपाटापाशी आल्या. दार उघडंच होतं. तेव्हा त्यांनी ती निळ्या शाईतली चिठ्ठी वाचली. त्यांचा हात फडक्यावर थांबला. त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. ते अजून घडी घालत होते. बाईंनी हळूच कपाटाचं दार लावलं.

संध्याकाळी दातवाले म्हणाले, "दहा तास चालते ती. तू झाडताना बटण दाबलं असशील."

"मी जगानं पाणी ओतत होते," बाई एवढंच म्हणाल्या.

"जगानं? सातशे लिटर पाण्याला?" ते हसले. तसं हसणं मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

पुढचे सात महिने हेच चाललं. फोनवर बहीण असो, मित्र असो, दातवाले सांगायचे, "काय करणार, हिच्या हातून बंद पडलं." बाई तिथेच बसलेल्या असत. लेक चार दिवस राहायला आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, केस विंचरताना हात का वर जात नाही तुझा?" बाई म्हणाल्या, "वय झालं गं." दातवाल्यांनी टाकीकडे बघणंच सोडलं होतं. उरलेल्या दोन माशांना दाणे घालायच्या त्या बाई, आणि पाणी कमी झालं की भरायच्या त्याही बाईच.

शेवटी लेकीनंच हट्ट धरून बाबांसाठी नवी, हलकी, माझ्या तिप्पट ताकदीची बॅटरी मागवली. परवा इलेक्ट्रिशियन ती बसवायला आला. मला सोडवण्याआधी तो एकेक प्लग तपासत होता.

"साहेब, हा जाड प्लग कशाचा?" त्यानं चिठ्ठी उजेडात धरली. "हीटर? हा बॅटरीवर कुणी लावला? अहो, याच्यासकट ही दोन ताससुद्धा टिकणार नाही!"

बाई चहाचा कप ठेवायला वाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. इलेक्ट्रिशियननं अक्षराकडे पाहिलं, दातवाल्यांकडे पाहिलं, आणि "वायर आणतो गाडीतनं" म्हणून खाली निघून गेला. शहाणा माणूस.

दातवाले खुर्चीत बसले. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशीच. फरशी पुसताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मास्तरला गुंडाळत होता. तेव्हा कसं बोलणार?"

"आणि नंतर? इतके दिवस?"

बाईंनी कप सरळ केला. "नंतर तुम्ही सगळ्यांना सांगून मोकळे झालात. मला वाटलं, तुम्ही कधीतरी स्वतःच बघाल. कपाट तर तुमचंच आहे."

"मी सगळ्यांना सांगतो. आत्ता फोन करतो."

"करा," बाई म्हणाल्या. "पण माझ्यासाठी म्हणून करू नका. मला आता त्याचं काही नाही राहिलं."

त्यांनी फोन केले. बहिणीला, मित्राला, शेवटी लेकीला. लेकीशी बोलताना त्यांना पुढे बोलवेना. तिनंच बहुधा आईच्या हाताबद्दल विचारलं, कारण त्यांनी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठला हात?"

काल मला इथे जिन्यात आणून ठेवलं. आज सकाळी दोघं खांद्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेले. दातवाल्यांनी दार ओढलं, बाईंची पिशवी घ्यायला हात पुढे केला. बाईंनी ती डाव्या हातात घट्ट धरली आणि कठड्याला टेकत उतरू लागल्या. दातवाले एक पायरी मागे राहून उतरत होते, त्या थांबल्या की थांबायचे. खालच्या वळणावर त्यांचा आवाज आला, "फार दुखतंय का गं?" बाईंचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

माझी तक्रार नाही. भंगारात माझं शिसं वितळवतील, त्याची दुसरी कुणी घडेल. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरी कपाटात, कोपऱ्यात माझ्यासारखी कुणी गुपचूप भार ओढत असेल, तर तिच्यावर काय काय लटकवलंय ते एकदा खाली वाकून बघा. शिट्टी वाजायची वाट बघू नका.

खाली हातगाडी थांबल्याचा आवाज येतोय. आता मला उचलतील. जपून उचला म्हणावं, मी जड आहे.