गारपिटीतला मुर्कट्टा

आमच्या खोऱ्यात मुर्कट्टा सगळ्यांना ठाऊक. शिर उडालेल्या माणसाचं भूत ते. डोकं नाही म्हणून डोळे छातीवर, आणि हातांनी वाट चाचपत फिरतं. शेजारच्या रणध्वजकाकांनी तर ते बऱ्याचदा पाहिलं होतं, दर वेळी बाजारातून पिऊन येताना.

त्या साली माझी थोरली बहीण पवित्रादिदी रुसून माहेरी आली होती. तिचा नवरा नैनसिंह तसा वाईट नव्हता, पण बोलायला लागला की समोरच्याला तोंड उघडू देत नसे. दिदीचा लाडका कोंबडा त्याने न विचारता पाहुण्यांसाठी कापला. ती जाब विचारायला गेली, तर कोंबडा किती म्हातारा झाला होता यावर हाच संध्याकाळपर्यंत बोलत बसला. तिने बोचकं बांधलं.

चैतातल्या एका दुपारी अचानक गारा कोसळल्या. आमा, म्हणजे आमची आई, परसात भाजीसाठी चिमट्याने सिस्नू खुडत होती. शिजवलं की गोड लागतं, पण कच्चं पान अंगाला लागलं तर आग आग होते. ती जुडी घेऊन वळचणीला आली, तोच काका धापा टाकत आले. बांधावरून मुर्कट्टा येतोय एवढं सांगून ते गोठ्याच्या माळ्यावर चढून बसले.

आम्ही पाहिलं. खांद्यांच्या वर खरंच काही नव्हतं. छातीवर, कोटाच्या बटणांमधून, दोन डोळे लुकलुकत होते.

आमा पळणाऱ्यांतली नव्हती. चिमट्यात जुडी धरून ती पुढे झाली आणि त्याच्या हातांवर सपासप ओढू लागली.

"आमा, मी जावई आहे," आतून आवाज आला.

"मेल्या, माझ्या जावयाचा आवाज काढतोस?" म्हणत आमाने आणखी ठेवून दिले.

शेवटी त्याने बटणं तोडून डोकं बाहेर काढलं, आणि नेमका पुढचा फटका तोंडावर बसला. गारांपासून वाचायला बिचाऱ्याने कोट डोक्यावरून ओढून घेतला होता.

आमच्यात सासू जावयाच्या पाया पडते. आमाला ते आत्ता आठवलं. तो खाजेने एका जागी उभा राहीना, आणि ती पाय धरायला अंगणभर त्याच्या मागे.

कोटाच्या कोपरावरचं ठिगळ दिदीनेच लावलेलं. तिने त्याला केव्हाच ओळखलं होतं. मग आईला थांबवलं का नाहीस, असं मी हळूच विचारलं.

"कोंबडा आठवला," ती म्हणाली.

रात्रीपर्यंत त्याचे ओठ वड्याएवढे सुजले. शब्द फुटेना. दिदी हातांना तेल चोळत बोलत राहिली. लग्नापासूनचं सगळं बोलली. तो नुसती मान हलवत होता, आणि एकदा त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. सूज उतरल्यावर दोघं मिळूनच घरी गेली.

काकांना मात्र हे काही पटलेलं नाही. मुर्कट्टा खराच होता, म्हणतात. सिस्नूच्या माराने त्याला डोकं उगवलं.