मुकादमाचा ॲप्रन

धुलाई कारखान्यात त्याला सगळे प्राध्यापक म्हणत, आणि त्यात आदर औषधालाही नव्हता. कॉलेज दोन वर्षांत सुटलं होतं, राज्यशास्त्राची पुस्तकं मात्र सुटली नव्हती. त्याचं काम मळक्या चादरी निवडण्याचं. हॉटेलांच्या एकीकडे, इस्पितळांच्या दुसरीकडे, रक्ताचे डाग असलेल्या तिसरीकडे. वीस वर्षं लोकांच्या चादरी हाताळल्यावर मनुष्यस्वभावाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. माणूस घाण करतो आणि दुसऱ्याने निवडावी म्हणून टाकून जातो. राज्य करणं म्हणजे या प्राण्याला हाकणं. त्याला मेंढरू म्हणायचं तर मेंढराचा अपमान. हे सगळं तो चहाच्या सुट्टीत मोठ्याने सांगायचा. ऐकणारे चहा अर्धा टाकून उठायचे.

सगळ्यांत जास्त तिटकारा त्याला मुकादमाचा. जाड मानेचा, गोडबोल्या, सही करतानाही जीभ बाहेर काढणारा माणूस, आणि अकरा वर्षं तोच. इथे मुकादम मालक नेमत नसे. मालकाला चादरी पांढऱ्या आणि वेळेवर मिळाल्याशी मतलब. वर्षातून एकदा, सकाळी काम सुरू होण्याआधी, जो उभा राहील त्याची एक खुंटी ठरायची आणि कामगारांनी आपापला ॲप्रन हव्या त्या खुंटीवर अडकवायचा. उघड, सगळ्यांदेखत. जिच्यावर ढीग मोठा ती खुंटी मुकादमाची. अकरा वर्षांत दुसऱ्या खुंटीची गरजच पडली नव्हती.

यंदा पडली ती बहिणीमुळे. प्राध्यापकाची धाकटी बहीण इस्त्रीच्या रोलरवर होती. तापलेल्या रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असते. हात तिला लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. पण थांबवायला तिला हातच लागतो असं नाही, जाड घडी आली तरी ती थांबवते, दिवसातून पंधरा वेळा. आणि कारखान्याचा रिवाज असा, की दिवसाचे गठ्ठे संपले की ज्याने त्याने घरी जायचं. पट्टी नसेल तर तासभर आधी. म्हणून तीन वर्षांपूर्वी मुकादमाने ती काढून कोपऱ्यात टाकली. कोणावर जबरदस्ती झाली नाही. सगळे खूश होते, प्राध्यापकसुद्धा. मिळालेल्या तासात तो सत्तेवरची पुस्तकं वाचत असे.

मग महिन्यापूर्वी बहिणीची चार बोटं चादरीबरोबर आत गेली. बोटं वाचली, कातडी गेली. नवरा वारलेला, दोन पोरी शाळेत, घरी बसून भागणार नव्हतं. येत्या सोमवारी ती कामावर परत येणार होती, त्याच रोलरवर. प्राध्यापकाने मुकादमाला पट्टी लावायला सांगून पाहिलं. मुकादम हळहळला, दोन्ही पोरींची त्याने नावानिशी चौकशी केली आणि म्हणाला, "बघू." त्या एका शब्दाने प्राध्यापकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुंट्यांचा दिवसही सोमवारचाच होता. त्याने आपलं नाव दिलं.

आठवडाभर तो एकेकाला गाठत होता. गाठत होता म्हणजे व्याख्यान देत होता. चांगला राज्यकर्ता लोकांना आवडेल ते देत नाही, हिताचं असेल ते देतो, लोकांना ते कळण्याइतकी अक्कल नसली तरी देतो. ज्यांची मतं मागायची त्यांनाच आपण बिनअकलेचे म्हणतोय, हे एवढ्या पुस्तकांत त्याला कुठे सापडलं नव्हतं. धुलाई यंत्रावरचा माणूस, घड्या घालणाऱ्या बायका, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. रविवारी तो बहिणीला म्हणाला, की ही सगळी होयबांची जात आहे, पण निम्मे तरी आपल्याकडे येतील. बहीण एका हाताने भांडी विसळत होती. तिने पुढचं ताट ओढलं.

सोमवारी सकाळी भिंतीवर दोन खुंट्या होत्या आणि समोर तीसएक माणसं एकमेकांच्या चपला बघत उभी होती. पुढे कोणी होईना. मग मुकादमाने स्वतःच्या ॲप्रनचे बंद सावकाश सोडले आणि तो हसत हसत प्राध्यापकाच्या खुंटीवर अडकवला. शिकलेला माणूस आहे, म्हणाला, बघा बुवा. थट्टा होती ती. सगळ्यांनी खो खो हसावं आणि नेहमीच्या खुंटीकडे वळावं, एवढाच तिचा अर्थ. पण या लोकांना थट्टा कळत नव्हती, मुकादमाचा ॲप्रन कुठे आहे ते कळत होतं. यंत्रवाल्याने त्याच्यावर आपला अडकवला. त्याच्यामागून घड्यावाल्या बायका, मग ड्रायव्हर, मग बाकीचे, एकाने वर तोंड करून विचारलं असेल तर शपथ. पाच मिनिटांत खुंटी दिसेनाशी झाली. मुकादमाचं हसू मध्येच थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा रुंद.

शेवटी बहीण पुढे आली. तिने एका हाताने गाठ सोडली आणि आपला ॲप्रन मुकादमाच्या रिकाम्या खुंटीवर टांगला.

प्राध्यापकाने तिला बॉयलरच्या आडोशाला नेलं.

"वेडी झालीस का? कोणासाठी उभा राहिलो मी?"

"माहीत आहे मला."

"मग?"

"दादा, मला पट्टी हवी आहे. मुकादम लबाड आहे, पण त्याच्यापुढे रोज जाऊन रडले असते तर कंटाळून लावली असती त्याने. त्याला माणसं लागतात. तुला माणसांची किळस येते, आणि ती सगळ्यांना दिसते. तुझं कोण ऐकणार?"

रक्ताच्या नात्यातही अक्कल नाही, असं मनाशी म्हणत तो बाहेर आला आणि त्याने पहिला हुकूम सोडला: रोलर बंद करा, पट्टी लावा. रोलरचं बटण सांभाळणारा म्हणाला, लावू की. आणि जागचा हलला नाही. बायका म्हणाल्या, आज गठ्ठे फार आहेत, उद्या बघू. मेकॅनिक पाना शोधायला म्हणून गेला तो गेलाच. सगळे अगदी गोड बोलत होते. प्राध्यापकाने स्वतः जाऊन बटण दाबलं. कोपऱ्यातली पट्टी एकट्याने उचलायला वाकला तोवर कोणीतरी रोलर पुन्हा सुरू केला होता. पट्टी धरायलाच दोन माणसं लागत होती. मग त्याने ते सगळे कोण आहेत, त्यांची लायकी काय, हे बॉयलरच्या वरताण आवाजात सांगितलं. ते त्यांनी वीस वर्षं ऐकलं होतं. तिकडे बहीण रोलरपुढे जाऊन उभी राहिली होती, पहिली चादर दोन्ही हातांत, एक हात पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेला.

मुकादम आपल्या स्टुलावर चहा पीत बसला होता. प्राध्यापक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्ही सांगा त्यांना."

"मी कोण सांगणारा? मुकादम तुम्ही."

"सांगा."

"ऐकू येत नाही हो, रोलरचा आवाज आहे."

प्राध्यापकाने बहिणीकडे बघितलं. तिने चादरीचं टोक पुढे धरलं होतं.

"माझं कोणी ऐकत नाही," तो ओरडला. "पाया पडतो, तुम्ही सांगा."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. घड्या घालणारे हात थांबले. मुकादमाने कप खाली ठेवला आणि एक बोट वर केलं. रोलर थांबला. हरवलेला मेकॅनिक पान्यासकट धावत आला, दोघांनी पट्टी उचलली, दहा मिनिटांत ती जागेवर बसली. आता रोज घरी जायला तासभर उशीर होणार, हे प्रत्येकाला कळत होतं. मुकादमाला कोणी चकार शब्द बोललं नाही. शिव्या प्राध्यापकाला पडल्या, त्याही दबक्या आवाजात नाही.

बहिणीने चादर आत सरकवली आणि मुद्दाम बोट पट्टीला लावलं. रोलर जागच्या जागी थांबला. महिन्याभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला. तिने मान वर केली आणि स्टुलाकडे बघून म्हणाली, "उपकार झाले हो तुमचे."

"माझे कसले?" मुकादम म्हणाला. "आपल्या नव्या मुकादमांचा हुकूम आहे तो."

सगळा कारखाना हसला. सगळे हसतायत म्हणून प्राध्यापकही हसला.