सागवीराची तेरवी

सागवीर मेला तेव्हा पोंभुर्ण्याकडच्या एका गावानं त्याची तेरवी घातली. ही बातमी प्रफुल्लभाऊंनी मला फोनवर सांगितली तेव्हा ते हसत होते. आज त्याच गावाकडे गाडी चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सागवीर म्हणजे आलापल्लीच्या जंगलातला लाकूडतोड्या. वीज पडून त्याचं अंग सागवानाचं झालं. पंचवीसेक वर्षं तो चंद्रपुरातून दर महिन्याला चित्रकथेच्या रूपात निघत होता आणि प्रफुल्लभाऊ त्याचे प्रकाशक होते. अलीकडच्या कथा स्वाती लिहायची. ती मी शिकवतो त्याच कॉलेजची, एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी. आज ती गाडीतही मागेच बसली होती, मांडीवर नव्या अंकाची पानं घेऊन.

मी सोबत होतो तो तज्ज्ञ म्हणून. एका लेखात मी या मालिकेच्या कथानकांची प्रतवारी लावली होती, धानाची लावतात तशी. सागवीर अंतराळात जातो ती कथा कोंडा. कोळसाचोरांची कथा बरी. ‘सागवीराचा अंत’ पहिल्या प्रतीची. ती स्वातीनंच लिहिली होती. गावाभोवती वणवा लागतो, सागवीर आगीच्या वाटेत उभा राहतो आणि गाव वाचतं. तो वाचत नाही, कारण सागवान कितीही उत्तम असलं तरी जळतं. त्यात एक शब्दही जास्तीचा नव्हता.

कथा इतकी उत्तम झाली की धंदा बसला. तेरवी झालेल्या माणसाचं पुस्तक घरात ठेवू नये, असं त्या गावातून निघालं आणि आजूबाजूच्या बाजारांत पसरलं. सागवीराचा पुतण्या आणून पाहिला, पण त्याला कुणी विचारलं नाही. शेवटी सागवीराला परत आणायचं ठरलं.

“ज्या गावानं तेरवी घालून मारलं, त्याच गावानं हो म्हटलं पाहिजे,” प्रफुल्लभाऊ म्हणाले. “नाई म्हटलं तर मालिका बंद. उद्या सकाळी पानं छापाले जातीन, नाई तर कधीच जानार नाई.”

मागे स्वाती पानं पुन्हा चाळत होती. सहा वर्षं तिनं या मालिकेशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं.

समाजमंदिरात सतरंज्या टाकलेल्या होत्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, झाडीपट्टीच्या नाटकाला बसतात तसे. त्या प्रेक्षकांना रद्दी नाटक ओळखायला पहिला अंक पुरतो, हे आठवून मला घाम फुटला. पंखा चालू होता, पण तो मंचावरच्या पाहुण्यांसाठी नव्हता.

स्वातीनं वाचायला सुरुवात केली. आगीत जळाला तो सागवीर नव्हताच. तो त्याचा तोतया होता. खरा सागवीर शत्रूंनी भद्रावतीकडच्या एका बंद खाणीत, बर्फात गोठवून ठेवला होता.

“बर्फ?” मागून कुणीतरी म्हणालं. “आपल्या इकडं?”

दोघेतिघे हसले. स्वाती थांबली नाही. वाचून झाल्यावर मात्र कुणी हसेना.

गावातले झाडूभाऊ उठले. म्हातारा माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. “बाई, एक इचारू का? तो जळला तो दुसराच होता?”

“हो.”

“मंग आमी कोनाची तेरवी जेवलो जी?”

समाजमंदिरात कुजबूज झाली, मग आवाज चढले. “परक्याची!” “कोन जातीचा, कोन गावचा, काई पत्ता नाई!” एका तरुणानं उठून विचारलं, “आमी मुंडन केलं त्याचं काय?” त्याचे केस आता नीट वाढले होते, पण मुद्दा बिनतोड होता.

प्रफुल्लभाऊंनी मला कोपरानं ढोसलं. “सर, बोला ना काई.”

मी उभा राहिलो. “कथानकाच्या दृष्टीनं पाहिलं तर, नायकाचं पुनरागमन ही दीर्घ मालिकांची एक—”

“सर,” झाडूभाऊ नम्रपणे म्हणाले, “तेरवीचं बोला जी.”

मी बसलो.

तेवढ्यात बायकांतून सुगंधाबाई उठल्या. तेरवी यांच्याच अंगणात झाली होती, हे मला प्रफुल्लभाऊंनी वाटेतच सांगितलं होतं. आवाज आपोआप खाली आले.

“पोरी, माहा मानूस मोहफुलं वेचाले जंगलात गेला तो आलाच नाई. हाड नाई, कपडा नाई. लोक म्हनत, तेरवी करून टाक. मी नाई केली. काय सांगावं, येईन बी. मंग तुह्या पुस्तकातला मेला. मांडव पडला, पंगत ठरली. मी म्हनलं, एकाच मांडवात दोघाईची होऊ द्या.” त्या जरा थांबल्या. “आता तू त्याले आनून राह्यली. मंग रातच्याले मी दार लावू, का नोको लावू?”

स्वातीनं पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि उलटी करून ठेवली.

“नाही छापत,” ती म्हणाली.

प्रफुल्लभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. “अवं स्वाती—”

“नाही छापत, भाऊ. बंद करा.”

कुणालाच जिंकल्यासारखं वाटलं नाही. पहिले ओशाळले ते झाडूभाऊ. “तसं परत येता येते म्हना. माह्या आज्याच्या वक्ताले एक जन आसामातून आल्ता, तेरवी झाल्यावर. त्याले पाळन्यात घातलं, बारसं केलं. मिश्यावाला मानूस! नवं नाव. जुनं काईच त्याचं नाई. घर नाई, वावर नाई.”

“आन् बायको?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“तिच्यासंगं पुन्हा लगन लावा लागते.”

“तिनं हो म्हटलं तर.”

“हव. तिनं हो म्हटलं तर.”

प्रफुल्लभाऊंचे डोळे चमकले. “बारसं! मिश्यावाला सागवीर पाळन्यात! अंक हातोहात खपला समजा!” त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. स्वाती पानं घेऊन बायकांच्या बाजूला आली होती आणि सुगंधाबाईंसमोर सतरंजीवर बसली होती.

“सागवीराची बायको आहे ना माझ्या कथेत, दुर्गा,” ती म्हणाली. “तो दाराशी आला तर ती काय करील?”

सुगंधाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. मला वाटलं, आता या उठून जाणार.

“दार उघडीन,” त्या म्हणाल्या. “पान्याचा गडू देईन. पाहुन्याले देतो तसा.”

“ओळखेल?”

“ओळखीन ना वं. काऊन नाई ओळखनार?” त्यांनी पदर सारखा केला. “पन इचारीन, कोन गाव जी तुमचं?”

स्वातीनं पानं मांडीवर उलटी ठेवली आणि ती कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. खाण नाही, बर्फ नाही, तोतया नाही. आगीत जळालेला जळालेलाच. एक दार, एक गडू, एक प्रश्न. सगळं गाव तिच्या पेनाकडे पाहत होतं. मग ती थांबली.

“आणि तो काय सांगतो?”

“थे तू लिव,” सुगंधाबाई म्हणाल्या. “मी काऊन सांगू?”