लिफ्टमधलं भाषण

लेखकांच्या खोलीत विनोद पडला की कोणी काही बोलत नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. सगळे आपापल्या कपात बघत बसतात, कोणीतरी पेनाचं टोपण उघडतं आणि मिटतं, आणि ज्याचा विनोद असतो त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होतात. त्या सकाळी त्या पाळ्या मास्तरांच्या होत्या.

मास्तर हे त्यांचं खोलीतलं नाव. उमेदीची वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवून हे गृहस्थ टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचे लेखक झाले, तेव्हा बाकीच्या लेखकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती. “मास्तर, ही खुर्ची नक्की आहे ना? बसू का?” असं रोज चालायचं. मास्तरांनी ते सगळं पोटात घातलं. मग त्यांनी कारकून आणला आणि टर बंद झाली.

कारकून हे मालिकेतलं एक भित्रं पात्र. साहेबाला चार शब्द सुनवायचे म्हणून तो लिफ्टमध्ये एकटाच तालीम करतो. साहेबाची अशी काही सालटी काढतो, की बघणारे गडाबडा लोळतात. मग लिफ्टचं दार उघडतं, समोर साहेब उभा असतो, आणि कारकून म्हणतो, “हो साहेब, लगेच आणतो.” एवढंच. पण हे ‘लगेच आणतो’ घराघरांत लोकांच्या तोंडी बसलं आणि मास्तरांचा भाव वधारला.

हा कारकून त्यांना कुठे सापडला, हे खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. तो सापडला होता त्यांच्याच घरी, बाथरूमच्या भिंतीपलीकडे. मास्तरांची बायको विम्याच्या ऑफिसात काउंटरवर बसते. कोणाला काही सुनवायचं असलं की ती नळ सोडते आणि आरशासमोर अख्खं भांडण पाठ करते. वरिष्ठांशी, नणंदेशी, दुधवाल्याशी. काय तोंड चालतं तिचं! बाहेर येते तेव्हा मात्र “चहा ठेवू?” एवढंच. पाण्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही, असा तिचा समज. मास्तरांचं लिहायचं टेबल त्याच भिंतीला लागून होतं, आणि ती भिंत कसली, निव्वळ पुठ्ठा.

मास्तरांनी बाईचा पुरुष केला, बाथरूमची लिफ्ट केली, विम्याच्या जागी टपाल आणलं. तिची एकही खूण ठेवली नाही, मग ती तिथे उरलीच कुठे, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. शिकलेला माणूस स्वतःला फसवायला बसला की फार नीटनेटकं फसवतो. बायको मालिका बघताना पोट धरून हसायची आणि विचारायची, “कुठून सुचतं रे तुला हे?”

त्या दिवशी शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग होतं, दुपारी, प्रेक्षकांसमोर. कारकून आज पहिल्यांदाच दार उघडल्यावर गप्प बसणार नव्हता. लिफ्टमधलं भाषण तो साहेबाच्या तोंडावर म्हणणार होता आणि नोकरी सोडून जाणार होता. सगळा भाग त्या भाषणावर उभा, आणि मास्तरांनी लिहिलेलं भाषण सकाळच्या वाचनात सपशेल आपटलं होतं.

“हे निबंधासारखं वाटतंय हो,” कारकुनाचं काम करणारा नट म्हणाला. बिचारा मऊ बोलला, पण बोलला.

लेखकांच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे ताई म्हणायचे, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मास्तर, कारकून तुमचा आहे. तो जाताना काय बोलेल, हे तुम्हालाच माहीत.”

मास्तरांना माहीत होतं, हीच तर पंचाईत होती. त्याच दिवशी सकाळी नळ नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहत होता आणि भिंतीपलीकडचं भांडण वरिष्ठांशी नव्हतं, दुधवाल्याशी नव्हतं. ते मास्तरांशी होतं. ती घर सोडून जाणार असल्याचं पाठ करत होती. मास्तर हातात पेन धरून ऐकत राहिले. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, डोक्याचा एक कोपरा म्हणत होता की वाक्यं फर्मास आहेत.

मग ती बाहेर आली आणि म्हणाली, “चहा ठेवू?” मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आजवर तिने पाठ केलेलं एकही भाषण कोणाला ऐकवलं नव्हतं, तेव्हा हेही ऐकवणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. आजवर घडत आलं म्हणून पुढेही तसंच घडेल याला काहीएक आधार नसतो, हे याच माणसाने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून पोरांना घोकायला लावलं होतं.

आता खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. पेनाचं टोपण उघडत होतं, मिटत होतं. पुन्हा ती खुर्चीची थट्टा सुरू होईल, पुन्हा आपण विनोदाच्या घरात चुकून शिरलेले प्राध्यापक ठरू, या भीतीने मास्तरांनी समोरचा कागद पालथा घातला. त्यांनी तोंड उघडलं आणि बायकोचे शब्द बाहेर पडले. फक्त ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं आणि ‘जातेय’चं ‘जातोय’.

“साहेब, तुम्ही चुकलात तरी मुद्देसूद चुकता. मला एकदा तरी मुद्दा नसताना बरोबर असायचंय. मी रडलो तर तुम्ही विचारता, नक्की कशामुळे? अहो, कारण नव्हतं शोधायचं, रुमाल द्यायचा होता. मी जातोय. भांडलो तर तुम्हीच जिंकाल, म्हणून न भांडता जातोय.”

खोली आधी खो खो हसली, मग गप्प झाली. ही शांतता वेगळी होती, आणि तिच्यासाठीच तर हे लोक जगतात. ताईंनी टेबलावर थाप मारली. नट कागद घेऊन तालमीला पळाला. एकाने मास्तरांच्या पाठीत धपाटा घातला. मास्तर हसले आणि हसता हसता त्यांना आठवलं, की शेवटच्या भागाचा पास त्यांनी स्वतःच बायकोच्या हातात दिला होता.

त्यांनी जिन्यात जाऊन फोन लावला. “अगं, आज येऊ नकोस. फार गर्दी आहे.”

“निघालेय मी. अर्धी सुट्टी टाकली आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “नंतर थोडं बोलायचंही आहे तुझ्याशी.” तिचा आवाज बाथरूमबाहेरचाच होता, मऊ आणि सांभाळलेला.

ते ताईंकडे धावले. “ते भाषण काढू या.”

“वेड लागलंय का?”

“ते कोणाच्या तरी घरचं आहे.”

“सगळंच कोणाच्या तरी घरचं असतं,” ताई म्हणाल्या. “खोलीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. काढायचं असेल तर त्याहून भारी आणा, सगळ्यांसमोर वाचा, हसले तर बदलू.”

मास्तर कोपऱ्यात बसून लिहायला लागले. लिहिलं, खोडलं. खरं सांगून टाकावं, हे माझ्या बायकोचे शब्द आहेत आणि ती माझ्याबद्दल बोलतेय, असं जिभेवर येई आणि परत जाई. सांगितलं असतं तर ताईंनी क्षणात भाषण काढलं असतं. पण मग कारकूनही त्यांचा नव्हता हे सगळ्यांना कळलं असतं. शेवटी त्यांनी नवं भाषण वाचलं. सगळे आपापल्या कपात बघत बसले.

दुपारी दिवे लागले. मास्तर सेटच्या मागून, कापडाच्या फटीतून प्रेक्षकांकडे बघत होते. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. पहिल्या प्रसंगांना ती हसली, अगदी मोकळं हसली. मग प्लायवूडच्या लिफ्टचं दार उघडलं, समोर साहेब आला, सगळे ‘लगेच आणतो’ची वाट बघत असताना नट म्हणाला, “साहेब, तुम्ही चुकलात तरी मुद्देसूद चुकता.”

हशा उसळला. तिसऱ्या रांगेतलं हसू मात्र विझलं. रुमालाच्या वाक्याला लोक आणखी हसले. ती आजूबाजूला बघायला लागली, कोण कोण हसतंय ते बघावं तशी. ‘न भांडता जातोय’ला सभागृह एकदम शांत झालं, आणि मग टाळ्या थांबेनात. लोक उठून उभे राहिले. ती त्यांच्या पाठींमागे दिसेनाशी झाली.

ती आली तेव्हा मास्तर रंगपटाबाहेरच्या बोळात उभे होते. ती आरडाओरडा करील, रडेल, दोन्हींची उत्तरं त्यांनी तयार ठेवली होती.

“कधीपासून ऐकतोयस?” तिने विचारलं.

“बरीच वर्षं झाली.”

“सगळं?”

“नळ चालू असायचा, त्यामुळे...”

“सगळं ऐकू यायचं?”

“हो.”

ती भिंतीला टेकली. “आणि मी समजत होते, तुला कळतच नाही. पुस्तकातला माणूस आहे, आणि आपण तरी कुठे तोंडाने सांगतो, मग त्याचा काय दोष? या एका गोष्टीवर मी राहिले होते रे इतकी वर्षं. तुला माहीत नाही, या गोष्टीवर.”

“तसं नाही. ऐकणं वेगळं आणि कळणं...” मास्तर म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

“आज मी तुला काहीच सांगणार नव्हते,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात चार दिवस कुठे तरी जाऊ या का, एवढंच विचारणार होते. जाणार असल्याचं मी कितीदा पाठ केलंय! पाठ केलं की जायची गरज उरायची नाही.”

तिने पर्स खांद्याला लावली. मास्तरांनी हात पुढे केला, तो तिला लागला नाही. आयुष्यभर माणसांना निरुत्तर करणाऱ्या त्या गृहस्थांना एवढंही म्हणता आलं नाही, की जाऊ नकोस.

आत ताई त्यांच्या नावाने हाका मारत होत्या, सगळ्यांसोबत फोटो काढायचा होता. बोळाला दोन्हीकडे दारं होती आणि ती या इमारतीत पहिल्यांदाच आली होती. बाहेर जायचा रस्ता तिने पहारेकऱ्याला विचारला.